मंगळाचा उलटा काटा

घड्याळाचा काटा मागे जात नसतो. तो पुढे जातो, नाहीतर थांबतो. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हे ऐकवत आलोय. कुणी म्हणालं, "काका, हे कधी पुढे जातं, कधी मागे जातं," की माझं डोकं फिरायचं. माझ्या दुकानात गर्दी कमी असण्याचं एक कारण मोबाईल आणि दुसरं माझं तोंड, असं बायकोचं म्हणणं आहे. खरं तर ती तोंडाला पहिला नंबर देते.

मी घड्याळं दुरुस्त करतो, पण पोटापाण्याचं ते घड्याळ वेगळं आणि जिवाचं वेगळं. जिवाचं घड्याळ संग्रहालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात आहे. दोन पुरुष उंच, शिसवी कपाटात बसवलेलं, दीडशे वर्षांचं. वरच्या तबकडीवर वेळ दिसते. खालची तबकडी परातीपेक्षा मोठी आहे आणि तिच्या काठावर बारा राशींची चित्रं रंगवली आहेत. मधोमध एक निळा ठिपका आहे, म्हणजे पृथ्वी, म्हणजे आपण. त्या ठिपक्याभोवती तीन काटे फिरतात: सोनेरी सूर्याचा, रुपेरी चंद्राचा आणि लाल टोकाचा मंगळाचा. कुठला कुठल्या राशीत आहे ते बघायचं. बाकीचे ग्रह कारागिराने का वगळले कुणास ठाऊक, बहुधा हयात पुरली नसावी.

या घड्याळाची देखरेख आधी माझे वस्ताद करायचे. मी विशी ओलांडल्यापासून त्यांच्या हाताखाली होतो. भिंग डोळ्यात कसं धरायचं इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. जेवायला त्यांच्याकडे, सणावारी कपडेही त्यांच्याकडून. त्यांची मुलगी मला दादा म्हणायची. आणि अशा माणसाच्या पायाखालची सतरंजी मी ओढली. आज सांगताना सोपं वाटतं, पण सत्तावीस वर्षं हे वाक्य मी मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं.

झालं असं. तो लाल काटा नेहमी सरळ पुढे जायचा. मात्र दोन वर्षं आणि वर दोन महिने झाले की त्याची चाल मंदावायची, तो थांबायचा आणि मग चक्क मागे जायला लागायचा. दोन-सव्वादोन महिने मागे, अर्धी रास तरी. पुन्हा थांबायचा आणि परत पुढे. वस्ताद त्याला हात लावू द्यायचे नाहीत. "तो जातो तसा," एवढंच म्हणायचे. मी विचारलं, का जातो? तर म्हणायचे, "असतं तसं. माझ्या वस्तादांनी सांगितलंय, लाल काट्याच्या वाटेला जायचं नाही."

मी चौतिशीचा, हातात कला आणि डोक्यात हवा. असतं तसं हे काय उत्तर झालं? त्याच सुमारास संग्रहालयाचे विश्वस्त बदलले. अभिप्रायाच्या वहीत कुणा पाहुण्याने लिहून ठेवलं होतं, "एक काटा उलटा फिरतो, लक्ष द्यावे." विश्वस्तांनी आम्हा दोघांना बोलावलं. वस्तादांना विचारलं, काटा उलटा का जातो? वस्ताद टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "साहेब, असतं तसं." विश्वस्त एकमेकांकडे बघून हसले. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमचं काय मत? आणि मी म्हणालो, "घड्याळाचा काटा मागे जातो तो बिघाडच असतो. वस्तादांचं आता वय झालंय."

वस्ताद तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. आज मी एकसष्टचा आहे आणि मला कुणी म्हातारं म्हटलं तर त्याचं घड्याळ महिनाभर परत मिळत नाही.

देखरेख माझ्याकडे आली. मी घड्याळ उघडलं. मोठ्या दातेरी चाकाच्या काठावर एक छोटं चाक बसवलेलं होतं, ते मोठ्याबरोबर फिरता फिरता स्वतःभोवतीही फिरायचं. छोट्या चाकावर एक खिट्टी होती आणि ती खिट्टी काट्याची शेपटी ढकलायची. म्हणून तर काटा कधी जोरात, कधी हळू, कधी उलटा. मला वाटलं, मागे कुणीतरी अर्धवट कारागिराने केलेली ही ठिगळपट्टी आहे. छोटं चाक काढून टाकलं आणि खिट्टी सरळ मोठ्या चाकावर बसवली. तेव्हापासून काटा सुतासारखा सरळ. विश्वस्त खूश झाले, मीही. वस्ताद त्या दिवसापासून संग्रहालयाची पायरी चढले नाहीत आणि माझ्याशी बोलले नाहीत. ते समोरून आले की मी गल्ली बदलायचो. गाव लहान आहे, त्यामुळे मला सगळ्या गल्ल्या पाठ झाल्या.

गेल्या महिन्यात संग्रहालयाचा कारभार बघणाऱ्या नव्या बाईंनी निरोप पाठवला. बाई तिशीतल्या, चष्मेवाल्या, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावणाऱ्या. घड्याळाला दीडशे वर्षं होताहेत, दालनाला रंग द्यायचाय, शेजारी माहितीचा फलक लावायचाय, असं म्हणाल्या. फलकाचा मजकूर त्यांनी माझ्या हातात दिला.

"काका, वाचून बघा. काही चुकलं असेल तर आठ दिवसांत सांगा. पुढच्या सोमवारी रंगारी येऊन अक्षरं रंगवणार आहे."

मी वाचलं. कारागिराची माहिती, चाकांची संख्या, आणि शेवटी: "मंगळाच्या काट्यातील जुना बिघाड, जो आधीच्या देखरेखकारास उमगला नाही, तो सध्याच्या देखरेखकाराने कायमचा दूर केला." खाली माझं नाव. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

"आणि हे बघा," बाई म्हणाल्या. "माळ्यावर कपाटामागे सापडलं. कारागिराचीच वही असावी. पण आत नुसत्या वेळा लिहिल्यात, मला तर आगगाडीचं वेळापत्रक वाटतंय. तुम्हाला काही अर्थ लागतोय का बघा."

दुकानात आणून मी वही उघडली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. वेळा वाचणं हा माझा धंदाच, त्यामुळे गाडी नाही हे पहिल्याच पानावर कळलं. तो कारागीर आठवड्यातून एकदा एकाच पायरीवर उभा राहायचा, एकाच भिंतीच्या कडेकडे बघायचा. एक ठरलेला तारा त्या कडेमागे किती वाजता गेला ते लिहायचा, आणि मागोमाग मंगळ किती वाजता गेला तेही. दोन्हींमधली मिनिटं तिसऱ्या रकान्यात. एके ठिकाणी त्याने समासात लिहिलं होतं: "दोन मिनिटांत आकाश चंद्राच्या रुंदीइतके सरकते. घड्याळ दोन मिनिटे चुकले तर मंगळही चुकला. आधी घड्याळ सुधारावे, मग आकाशास नावे ठेवावीत."

माणूस माझ्या जातकुळीतला निघाला. मला तो आवडला. मी चहा मागवला आणि पाय पसरून वाचत बसलो. जुन्या काळच्या लोकांकडे अशी घड्याळं नव्हती, त्यांनी वाळू, पाणी आणि सावली यांच्या भरवशावर ग्रह मोजले. घड्याळं सुधारत गेली तसतशी ग्रहांची खरी चाल उघडी पडत गेली, असं काहीबाही त्याने लिहिलं होतं. मग मी तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवत खाली यायला लागलो. आठवड्याला एक आकडा. चौऱ्याण्णव मिनिटं, एकशे चार, एकशे नऊ, एकशे अकरा, एकशे अकरा.

पुढचा आकडा एकशे आठ होता. त्यापुढे एकशे दोन. त्यापुढे त्र्याण्णव.

मी बोट परत वर नेलं आणि पुन्हा खाली आणलं. आकडे तेच. आकडा वाढतो तेव्हा मंगळ ताऱ्यापासून पुढे गेला, हे मला कळत होतं. मग आकडा कमी होतो तेव्हा? दहा आठवडे आकडे कमी होत होते, मग थांबले, मग वाढायला लागले. घड्याळात नाही, आकाशात. मंगळ खरोखरच तसा दिसत होता. छोटं चाक ठिगळ नव्हतं, सगळ्या यंत्रातली सगळ्यात हुशार वस्तू ती होती, आणि मी ती चिमट्याने उचलून काढली होती. सत्तावीस वर्षं मी दर सोमवारी त्या तबकडीवरची धूळ पुसली, पण एकदाही मान वर करून खरा मंगळ कुठे आहे ते पाहिलं नाही. चहा आला तो तसाच गार झाला.

शेवटच्या पानावर कारागिराने लिहिलं होतं: "जुने म्हणत, मंगळ लहान चाकावर फिरतो व ते चाक मोठ्या चाकावर. नवे म्हणतात, तसे काही नसून आपणच फिरतो. नव्यांचे खरे आहे. परंतु पितळेत जुन्यांचेच बसवले, कारण माझ्या तबकडीवर पाहणारा मध्ये उभा आहे, आणि त्याला जे दिसते तेच मला दाखवायचे आहे." हे मी पाच वेळा वाचलं. आपण फिरतो हे शाळेपासून ठाऊक होतं. पण आपण फिरतो म्हणून मंगळ मागे कसा जाईल, हे काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

खरी गोष्ट अशी की हे दुसऱ्या कुणालाही कळणार नव्हतं. बाईंना वही आगगाडीची वाटली होती. मी "हो, वेळापत्रकच आहे" म्हणालो असतो तर ती चिठ्ठी लावून कपाटात गेली असती. सोमवारी फलक रंगला असता आणि वस्तादांना काही उमगलं नव्हतं, हे शाळेची पोरं पुढची शंभर वर्षं मोठ्याने वाचत राहिली असती. वस्ताद अठ्ठ्याऐंशीचे आहेत. मी गप्प बसायचं की बोलायचं, एवढंच काय ते ठरवायचं होतं. बोललो तर घड्याळ हातातून जाणार हे उघड होतं, आणि त्या घड्याळावाचून मी म्हणजे पट्टे बदलून देणारा एक तिरसट म्हातारा.

तीन दिवस घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी बायकोने विचारलं, "अहो, काय गिळून बसलात?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही मला धीर देईल. छे.

"मला तेव्हाच वाटलं होतं," ती म्हणाली. "वस्ताद खोटं बोलणारा माणूस नव्हे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकायच्या स्थितीत होता? आणि आता उठा, फिरायला चला. उपाशी बसून मंगळ पुढे जाणार नाही."

ही टपाल वाटत असे. नोकरीतून निवृत्त झाली, पाय मात्र झाले नाहीत. रोज सकाळी आम्ही बागेत जातो. तिथे दोन गोल वाटा आहेत, एकात एक. आतल्या वाटेवरून ती भराभरा चालते, बाहेरच्या वाटेवरून मी माझ्या चालीने. माझ्या दोन फेऱ्या होतात तोवर तिच्या जवळपास चार. दर वेळी मला मागे टाकताना ती काहीतरी टोमणा मारतेच.

त्या सकाळी ती बाकावर येऊन टेकली आणि म्हणाली, "तुम्हाला एक गंमत सांगू? मी तुमच्या मागून येत असते ना, तेव्हा तुम्ही पलीकडच्या इमारतींसमोरून पुढे पुढे जाताना दिसता. लाल गच्ची, मग शाळा, मग पाण्याची टाकी. पण मी तुमच्या बरोबरीला आले की तुम्ही टाकीसमोर थांबता. आणि मी पुढे निघाले की टाकीवरून घसरत परत शाळेसमोर येता. रोज बघते मी. उलटे चालता."

"मी आयुष्यात उलटं पाऊल टाकलेलं नाही," मी म्हणालो.

"मी कुठे म्हणते टाकलंत? मला तसं दिसतं. चालत असते मी, दिसता मागे जाताना तुम्ही."

मग तिला तिथेच बसायला सांगून आतल्या वाटेवर गेलो आणि पळत सुटलो. बाहेरच्या वाटेवरून एक जाडगेले गृहस्थ सावकाश चालले होते. त्यांच्यावरची नजर न काढता मी त्यांना गाठलं. आणि ते गृहस्थ, बिचारे नाकासमोर चालत असताना, टाकीसमोर थांबले आणि शाळेकडे घसरले. मी दोन्ही हात वर करून ओरडलो. गृहस्थ घाबरून बागेबाहेर निघून गेले.

आतली वाट आपली, बाहेरची मंगळाची. आपण जोरात, तो हळू. त्याला ओलांडताना तो मागे गेल्यासारखा दिसतो, आणि मागे तारे म्हणजे गच्ची, शाळा, टाकी. हजारो वर्षं लोकांनी मंगळाची ती घसरण बघितली, मोजली, त्यासाठी चाकावर चाकं बसवली, कारण आपण स्वतः चालतोय हे कुणालाच वाटत नव्हतं. मी बाकावर येऊन बसलो तेव्हा धाप लागली होती आणि फार आनंद झाला होता. हा आनंद ज्याला सांगायचा असा एकच माणूस या गावात होता.

संध्याकाळी वस्तादांच्या दाराशी गेलो. दार त्यांच्या मुलीने उघडलं. आता तिचेही केस पिकलेत. मला बघून ती म्हणाली, "तुम्ही?" पूर्वी दादा म्हणायची. मी म्हणालो, "ताई, वस्तादांशी दोन शब्द बोलायचेत." ती बाजूला झाली.

वस्ताद खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर पांघरूण होतं आणि हात थरथरत होते, ते बघवलं नाही. त्याच हातांनी त्यांनी केसाएवढ्या बारीक कमानी सरळ केलेल्या मी पाहिल्या होत्या. घरी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"वस्ताद, मी चुकलो," मी म्हणालो. "लाल काटा बरोबर होता. तुम्ही बरोबर होता."

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "एक कान गेलाय माझा."

मग मी ओरडून सांगितलं. मी चुकलो, वस्ताद, काट्यात बिघाड नव्हता, विश्वस्तांसमोर मी तुमचा अपमान केला, तुमचं घड्याळ हिसकावलं. शेजारच्या घरातली भांडी घासणं थांबलं, इतक्या मोठ्याने.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," वस्ताद म्हणाले. "दुसऱ्यांदा ऐकायचं होतं."

ताईने आम्हा दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवले. मी मान खाली घालून बसलो होतो, मला वाटलं, आता जा म्हणतील. आणि वस्ताद खुर्चीत पुढे वाकून हळूच म्हणाले, "मग कशानं जातो रे तो मागं?"

मी दोन पेले घेऊन टेबलावर दाखवायला लागलो. त्यांनी हात झटकला. "पेले ठेव. काही कळत नाही. प्रत्यक्ष दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना बागेत नेलं. आतल्या वाटेवर वस्तादांची खुर्ची, ढकलायला माझी बायको. बाहेरच्या वाटेवर मी. "हळू चाला," बायकोने बजावलं, "उगाच पुरुषी अभिमान दाखवू नका." मी हळू चालायला लागलो. मागून खुर्चीची चाकं खडखडत जवळ आली आणि वस्तादांचा आवाज आला.

"शाळा... टाकी... टाकीच्या पुढं... अरे, थांबला! हा थांबला! टाकी... शाळा... गेला! गेला रे मागं!"

बागेतले सगळे थांबून बघत होते. मी मात्र चालत राहिलो, मंगळाला थांबायची परवानगी नसते. वस्तादांनी पुन्हा फेरी मारायला लावली, मग पुन्हा. तिसऱ्या फेरीला बायको म्हणाली, "वस्ताद, टपालाच्या पिशवीपेक्षा तुम्ही जड आहात," तेव्हा कुठे ते थांबले.

बाकाशेजारी खुर्ची लावली. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी माझ्या वस्तादांना विचारलं होतं," ते म्हणाले. "काटा का मागं जातो म्हणून. त्यांनी कानाखाली वाजवली. तेव्हा वाटलं, गुपित असेल. आता वाटतं, त्यांनाही ठाऊक नसणार." मग म्हणाले, "त्या साहेबांपुढं मला एवढं सांगता आलं असतं तर. इतकं सोपं होतं?"

"सोपं नव्हतं, वस्ताद. जगाला हजारो वर्षं लागली."

"जगाचं मला सांगू नकोस. मला सत्तावीस लागली."

मी म्हणालो, "माझ्यावर राग आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. "बागेत चकरा मारून जाईल इतका थोडा नाही तो. पण उद्या ये. परवाही ये."

सोमवारच्या आत मी बाईंकडे गेलो. विश्वस्तही आले होते. वही टेबलावर ठेवली, आकडे दाखवले आणि सत्तावीस वर्षांपूर्वी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. वस्तादांना कारण माहीत नव्हतं, तरी काम बरोबर होतं. माझ्याकडे कारण तयार होतं आणि काम चुकीचं. आता मला जा म्हणायची पाळी त्यांची होती. म्हणून त्यांनी म्हणायच्या आधी मीच घड्याळाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. हाताला ती एकदम हलकी लागली आणि मला रडू येईल असं वाटलं.

विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी फलकाचा कागद घेतला, माझ्या नावाची ओळ खोडली आणि विचारलं, "मग ही किल्ली कुणाची?"

"ज्यांच्याकडून घेतली त्यांची," मी म्हणालो.

"त्यांना चढता येईल? हात चालतील?"

"हात माझे चालतील," मी म्हणालो, "त्यांची हरकत नसेल तर."

हरकत होती की नव्हती ते वस्तादांनी सांगितलं नाही. पण सोमवारी सकाळी ते दाढी करून, टोपी घालून, किल्ली गळ्यात अडकवून तयार बसले होते. शिपाई आणि रंगारी अशा दोघांनी मिळून त्यांची खुर्ची जिन्यावरून वर नेली. घड्याळाचं कपाट उघडलं तेव्हा वस्तादांनी आत डोकावून पाहिलं आणि बराच वेळ नुसता वास घेतला, तेलाचा आणि जुन्या लाकडाचा. मग त्यांनी त्या एका खिट्टीकडे बोट दाखवलं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

छोटं चाक माझ्याकडेच होतं, घड्याळजी काही टाकून देत नाही. खिट्टी काढून त्याच्यावर लावली, चाक त्याच्या जागी बसवलं. वहीतल्या पद्धतीने मी चार दिवस पहाटे भिंतीची कड धरून उभा राहिलो होतो आणि मंगळ कुठे आहे ते मिनिटांत मोजून आणलं होतं. त्याप्रमाणे काटा लावायचा होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, मानेवर वस्तादांचा श्वास. बाई कौतुकाने बघत उभ्या होत्या. मी चाकाची पाचर आत सरकवली.

"उलटी घालतोयस, गाढवा!" वस्ताद कडाडले. "जाड बाजू आत! किती वेळा सांगायचं?"

एकसष्ट वर्षांत मला असं भर लोकांत कुणी बोललं नव्हतं. बोलायची कुणाची टाप नव्हती. रंगारी ब्रश हातात धरून उभाच राहिला.

"अहो," बाई घाईघाईने म्हणाल्या, "काका आहेत ते. इतके मोठे कारागीर."

"तुमचे काका असतील," वस्ताद म्हणाले. "माझ्या हाताखालचा पोरगा आहे. शिकतोय अजून."

मी पाचर काढली आणि जाड बाजू आत करून घातली. भिंगातून काही नीट दिसत नव्हतं, ते मी सदऱ्याला पुसून पुन्हा लावलं.